दुसरी हाक

‘दादाऽऽ.’

एवढीच हाक होती. नदीच्या पलीकडून आलेली, आणि एकदाच.

धुक्यातला आवाज कुठून येतो ते कळत नाही. पाण्यावरून यायचं सोडून तो पाण्यातूनच वर आल्यासारखा वाटतो. पौषातली सकाळ होती. आई चुलीपाशी भाकरी थापत होती आणि मी तिच्या पाठीला पाठ लावून ऊब घेत बसले होते. आवाज ओळखीचा होता. तानूआत्याचा. मी दाराकडं तोंड केलं आणि ओ दिली.

‘ओऽऽ.’

परातीतली भाकरी तशीच राहिली. पिठानं भरलेला आईचा हात माझ्या तोंडावर आला तो इतक्या जोरात, की माझेच दात माझ्या ओठात रुतले. पण ओ निघून गेली होती. धुक्यात शिरून ती पार पलीकडच्या काठाला लागली असणार.

‘कितवी हाक हुती?’ आईनं विचारलं.

मला बोलता येईना. तिनं हात थोडा सैल केला.

‘पहिली,’ मी म्हणाले.

आईचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते आज सांगता येत नाही. तिच्या हाताचा कच्च्या ज्वारीचा वास मात्र अजून नाकात आहे. भीतीला वास असतो आणि माझ्या भीतीचा वास ज्वारीच्या पिठाचा आहे.

आमचं घर वारणेच्या काठावरचं शेवटचं. त्यापुढं वाळू, मग पाणी. आबा माणसं पलीकडं न्यायचे. नाव म्हणायचे सगळे, पण ती होती काहील. गुऱ्हाळातून बाद झालेली, ऊस उकळून उकळून तळाला काळी पडलेली मोठी कढई. अडाण्याच्या हातात वल्हं दिलं तर जाग्यावरच गरगर फिरायची. आबांच्या हातात मात्र ती पाळण्यासारखी चालायची. पलीकडचं माणूस काठावर उभं राहून हाक मारायचं आणि आम्ही ओ द्यायचो. पण तिसऱ्या हाकेला. दुसरीलाही चालायचं, आबा घाईत असले तर. पहिलीला कधीच नाही. हे आमच्या घरात पोराला चालायच्या आधी शिकवत. दोन्ही काठांना ते माहीत होतं, त्यामुळं परगावचं माणूस सोडलं तर कुणी रागवायचं नाही. सगळे तीनदा हाक मारायचे.

आईनं मला ते असं सांगितलं होतं: ‘माणूस असंल तर पुन्यांदा हाक मारतंय. माणसाला गरज असती. ज्याला गरज न्हाई ते एकदाच हाक मारतंय आणि गप वाट बघत बसतंय.’

तिला हे सांगण्याचा हक्क होता. तिचा बाप वरच्या अंगाच्या एका गावात हेच काम करायचा. असाच धुक्यात एका हाकेला गेला. नाव सापडली. तो नाही.

आबा बाहेर तोंड धूत होते. ते पाणी तसंच हातात घेऊन आत आले.

‘तानीचा आवाज हुता,’ ते म्हणाले.

‘म्हनूनच भ्या,’ आई म्हणाली. ‘ते घरच्याचाच आवाज घेतंय. माझ्या बापाला त्याच्या मेलेल्या आईनं हाक मारली हुती.’

‘तानी कुटं मेलीया?’

तानूआत्या आबांची धाकटी बहीण. पलीकडच्या काठापासून कोसभर आत तिला दिलेली. श्रावणात तिचं तान्हं गेलं होतं, आणि तेव्हापासून सासरचे तिला दारात उभं राहू देत नाहीत, पोरानं बाईच्या दुधानंच जीव सोडला म्हणतात, अशा गोष्टी काहिलीत बसून इकडं यायच्या. आबा दोनदा आणायला गेले होते. सासऱ्यानं दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं होतं.

मला आत्या आवडायची. माहेरी आली की ती मला मांडीत घेऊन जात्याशी बसायची आणि दळता दळता स्वतःच जुळवलेल्या ओव्या म्हणायची. एक तिची लाडकी होती:

पल्याड उभी मी गं, मधी वाहतं निळं पानी,
बंधू नावाडी माझा, त्याला हाक दिली कुनी.

आबा वल्हं घेऊन पाण्याशी गेले. आई मागून गेली आणि तिनं काहिलीचा दोर हाताला गुंडाळून धरला. मला घरात एकटं ठेवायची तिची छाती नव्हती, म्हणून मीही तिच्या लुगड्यात होते.

‘दुसरी यिऊ द्या,’ आई म्हणाली. ‘दुसरी आली की जावा. म्या आडवी यायची न्हाई.’

आबा गुडघाभर पाण्यात उभे राहिले. एक हात काहिलीच्या काठावर. समोर धुक्याची भिंत. पलीकडचा काठ नव्हता, बाभळी नव्हत्या, नदीचा मधला भागही नव्हता. आमच्या पायाजवळचं हातभर पाणी तेवढं होतं, तेही वाफेसारखं हलत होतं.

आम्ही तिघं ऐकत होतो. कुठं तरी दहिवराचे थेंब वाळल्या पानावर पडत होते. एक पाणकोंबडी ओरडली तेव्हा आबांचा खांदा हलला, आणि आईनं दोर आवळला. मी मनात म्हणत होते, मार की गं हाक, आणखी एकदा मार, एवढं काय जातंय तुझं. माझा आवाज तर तिला पोचला होता. मग ती गप का?

तेवढ्यात पाण्याचा आवाज झाला. डुबूक असं काही नाही. घोटभर पाणी बाजूला सरकल्यासारखा. मग तोही थांबला.

‘तानेऽऽ,’ आबांनी हाक मारली.

पलीकडून काहीच आलं नाही.

आबा किती वेळ उभे होते कोण जाणे. माझे पाय बधिर झाले. शेवटी त्यांनीच आईच्या हातातला दोर सोडवून खुंटाला बांधला. बांधताना ते माझ्याकडं बघत होते. त्यांनी ओ दिली नव्हती. ती मी दिली होती, आणि हाक मारणारं गप झालं होतं. आमच्याकडं याचा एकच अर्थ होता.

घरात आल्यावर आईनं चुलीतली राख माझ्या कपाळाला, गळ्याला आणि दोन्ही तळपायांना लावली. मग माझं तोंड हातात धरून म्हणाली, ‘नीट ऐक. आता ते तुझ्या नावानं यील. माझ्या आवाजात यील, न्हाईतर आबाच्या. एकदाच बोलावंल. पुन्यांदा ओ दिलीस तर माझ्या हातात काय ऱ्हायचं न्हाई.’

‘तू बोलावलंस तर?’

तिनं विचार केला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज कोरडा होता. ‘म्या आजपास्नं तुला अनसूया म्हनायची न्हाई. धोंडी म्हनीन. अनसे म्हनून हाक आली की समजायचं, ती म्या न्हवं.’

धुकं विरलं तेव्हा आबा पलीकडं जाऊन आले. मी चुलीच्या कोनाड्यात बसले होते, मला ऐकू जाऊ नये म्हणून ते दाराबाहेरच आईशी बोलले. पण त्या दिवशी माझे कान असे झाले होते, की मुंगी भिंतीवर चढली तरी कळावी.

‘कुनी न्हाई,’ आबा म्हणाले. ‘गाळात पावलं हायती. पान्यात गेल्यात. भायेर आल्याली दिसत न्हाईत.’

‘बाईची?’

‘बारकी हायती.’

मग आबांनी डोक्याला पटका गुंडाळला. तानीच्या सासरी जाऊन तिला डोळ्यांनी बघून येतो म्हणाले. आई नको म्हणाली नाही. त्यांना पलीकडं उतरताना तिनं पाहिलं, घरात येऊन पुढच्या दाराला कडी लावली, मागच्या दाराला लावली, आणि माझ्यासमोर बसली.

एवढी माया आणि एवढं भय एका चेहऱ्यावर मी पुन्हा पाहिलं नाही. ती माझ्यावरची नजर काढत नव्हती. जणू नजर हाच दोर होता आणि तो सुटला की मी वाहत जाणार होते. मधेच म्हणायची, ‘धोंडे, भूक लागली का?’ मला कळायचं नाही ती कुणाला विचारते. मग आठवायचं आणि मी मान हलवायचे. तोंडानं काही बोलायची मला भीती वाटत होती. कोणतं उत्तर ओ ठरेल, कुणास ठाऊक.

ऊन छपरावर आलं. बाहेर लख्ख उजेड होता. वाळूवर कुणाची तरी शेरडं ओरडत होती. अशा वेळी भीती वाटू नये. पण तेव्हा मला कळलं, की भीतीला अंधार लागत नाही.

मागच्या दाराशी पाचोळा वाजला. चालणारं माणूस पाय उचलून टाकतं. हे पाय ओढत होतं. ते दाराशी येऊन थांबलं.

‘अनसे,’ बाहेरून आवाज आला.

आत्याचा. सकाळचाच. घशातून अर्धाच निघालेला.

माझ्या तोंडात ओ तयार होती. माणसाच्या तोंडात ती असतेच, श्वासासारखी. मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. आईचा हात त्यावर आला. ती ओ आमच्या दोघींच्या हातांखाली धडपडत होती, पकडलेल्या चिमणीसारखी.

बाहेर काहीच नाही. मग दाराला काही तरी टेकलं आणि खाली घसरलं.

‘वैनी,’ आवाज म्हणाला. ‘दार उघडा. मीच हाय.’

आई उठली. दारापासून दोन हातांवर उभी राहिली. तिच्या लुगड्याचा काठ हलताना मला दिसत होता.

‘तू असशील तर तीनदा हाक मार,’ ती म्हणाली.

बाहेर ऐकलं गेलं की नाही कळेना.

‘वैनी.’

आई हलली नाही.

‘वैनी,’ पुन्हा. या वेळी त्यात रडणं होतं.

‘आनी येक.’

‘वन्सं म्हना की मला,’ बाहेरून आलं. ‘मला नात्यानं कुनीच बोलवंना झालंय.’

‘आनी येक,’ आई म्हणाली, आणि आता तीही रडत होती. ‘येक मारा, वन्सं. पोरीनं ओ दिलीया माझ्या. येक मारा, तुमच्या पाया पडते.’

तिसरी हाक आली ती हाक नव्हतीच. नुसता श्वास होता. ‘वैनी.’ फळीला कान लावल्यावर ऐकू येईल इतकी.

तरी आईनं कडी काढली नाही. तिनं मडक्यातलं मीठ तळहातावर घेतलं, दाराची फळी बोटभर किलकिली केली आणि हात बाहेर घातला. जे माणूस नसतं ते मिठाला तोंड लावत नाही. मी बघत होते. आईचा हात कोपरापर्यंत उजेडात होता आणि बाकीची आई अंधारात. आता हा हात ओढला जाईल आणि आई सगळीच्या सगळी त्या फटीतून बाहेर जाईल, असं मला वाटलं.

मग तो हात एकदम सैल पडला. आत्यानं हातातलं मीठ जिभेनं चाटून घेतलं होतं, एखाद्या वासरासारखं. तिच्या तोंडाची ऊब आईच्या तळव्याला लागली असणार, कारण आईनं दुसऱ्या हातानं कडी काढली, आणि दोघी उंबऱ्यावरच एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

आत्या अनवाणी होती. लुगडं अंगावरच वाळून खरखरीत झालं होतं. छातीच्या उंचीवर गाळाची रेघ होती, पूर ओसरल्यावर भिंतीवर राहते तशी. रेघेच्या वर सगळं स्वच्छ. केस कोरडे.

आईनं तिला चुलीशी बसवलं, भाकरी दिली. आत्या खात नव्हती. घास हातात घेऊन माझ्याकडं बघत होती. माझ्या कपाळावरच्या राखेकडं.

‘ह्ये काय?’

आईनं सांगितलं. सकाळी नदीपलीकडून तुमच्या आवाजात एक हाक आली, पोरीनं ओ दिली, पुढं काहीच आलं नाही. आबा तुम्हालाच बघायला गेलेत. मग तिनं आत्याच्या दोन्ही हातांना धरून विचारलं, ‘वन्सं, ती तुमीच हुता का?’

ती फक्त व्हय म्हणाली असती, तर आईनं माझ्या कपाळावरची राख पुसली असती. मी पुन्हा अनसूया झाले असते.

आत्यानं चुलीकडं पाहिलं. मग उघड्या दारातून नदीकडं.

‘न्हाई,’ ती म्हणाली. ‘म्या खालच्या बंधाऱ्यावरनं चालत आले. पाय घसरला तिथं.’

आईचे हात गळून पडले.

तिन्हीसांजेच्या आधी आबा परतले. तानी पहाटेपासून घरात नाही, एवढंच त्यांना सासरी कळलं होतं. बहिणीला चुलीशी बघून ते मटकन खाली बसले. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, तिनंही तेच उत्तर दिलं. तिच्या लुगड्यावरची रेघ त्यांना दिसली नसेल असं नाही. ते त्या रेघेकडं बघत राहिले, आणि मग कधीच त्यांनी तो विषय काढला नाही.

आत्या परत सासरी गेली नाही. मी मात्र धोंडी झाले. शाळेच्या पटावर अनसूया, घरात धोंडी. पुढं आईनंही ते नाव सोडलं, पण माझी जीभ तशीच राहिली. पहिल्या हाकेला ती हलायचीच नाही. शाळेत बाई हजेरी घेताना माझं नाव पुन्हा घ्यायच्या आणि मुली हसायच्या. लग्न होऊन इस्लामपूरला आले तर सासू म्हणायची, सून बहिरी पदरात पडली. नवरा गमतीनं एकदम तीनदा हाक मारायचा, ‘अनसूया अनसूया अनसूया,’ आणि मग दमल्याचं सोंग करायचा. मी हसायचे. पण पहिली हाक आली की अजून माझ्या अंगात काही तरी थिजतं, आणि मी दुसरीची वाट बघते. दुसरी येते. माणसंच असतात ती. तरी एखादे वेळी दुसरी येत नाही, मी उठून बघते तर कुणी नसतं, आणि नाकात ज्वारीचं पीठ येतं.

आबांचे गुडघे गेल्यावर काहील आत्यानं चालवायला घेतली. गावानं नावं ठेवली, मग सवय झाली. तिची एक खोड मात्र कुणाला आवडली नाही. ती पहिल्याच हाकेला ओ द्यायची. धुकं असो, पाणी चढलेलं असो, काठावरून नुसता दादा म्हणून शब्द निघायचा अवकाश, की तिची खणखणीत ओ नदी ओलांडून जायची आणि पाठोपाठ ती. आई कपाळ बडवून घ्यायची. म्हणायची, हिला एक दिवस नेणार ते. आत्या म्हणायची, ‘न्हेऊ दे की. बघून तर यीन कोन हाय ते.’

पुढं पूल झाला. काहील वाळूत पालथी पडून गंजली. आबा गेले, आई गेली. आत्या थकल्यावर मी तिला माझ्याकडं घेऊन आले.

परवाची गोष्ट. दुपारी आम्ही दोघी पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. माझी नात शर्वरी मागच्या अंगणातून ओरडली, ‘आजी.’ मी शेंग सोलत राहिले. ओ दिली नाही.

आत्याचे हात थांबले.

‘पोरगी बोलावती,’ ती म्हणाली.

‘मारंल की परत.’

‘आनी न्हाई मारली तर?’

मी वर पाहिलं. तिचे डोळे आता पांढुरके झालेत, पण ती माझ्याकडंच बघत होती. त्या दिवशी चुलीशी बसून माझ्या कपाळाकडं बघत होती तशी.

‘सवय हाय आत्या,’ मी म्हणाले. ‘त्या सकाळपास्नंची. तुला ठाव हाय की. एकदा ओ दिली त्याचं काय झालं ते.’

शर्वरीनं दुसऱ्यांदा हाक मारली, मी ओ दिली. बाहुलीचा पाय निखळला होता, तो बसवून दिला. परत येऊन बसले तर आत्याच्या मांडीतल्या शेंगा तशाच होत्या. ती दाण्यांच्या ताटात बोटं फिरवत होती.

‘वैनी तुला धोंडे म्हनायची,’ ती म्हणाली. ‘दर येळंला मला चटका बसायचा. आज सांगावं, उद्या सांगावं. वैनी हाय तवर सांगवंना. दादा हाय तवर तर न्हाईच.’

‘काय?’

‘ती मीच हुते, अनसे.’

मला वाटतं, मला ते माहीत होतं. त्या गाळाच्या रेघेनं कधीच सांगितलं होतं. तरी माझ्या हातातली शेंग खाली पडली.

‘मग न्हाई का म्हनलीस?’

‘व्हय म्हनले असते, तर दादानं इचारलं असतं, येकच का मारलीस? नाव पाहिजे असती तर तीनदा मारली असतीस.’ तिनं पदरानं तोंड पुसलं. ‘काय सांगू त्याला? मला नाव नकोच हुती. छातीइतक्या पान्यात हुते मी. आता आनी दोन पावलं, म्हनले. जायच्या आधी एकदा भावाचं नाव तोंडात यावं, एवढंच. त्याला ऐकू जावं म्हनूनसुदिक न्हवं. दुसरी हाक मारायचीच न्हवती मला.’

आत शर्वरी बाहुलीशी बोलत होती. आत्यानं माझा हात चाचपत शोधला आणि धरला.

‘आनी पल्याडनं तुझी ओ आली. एवढुशी. तितंच उभी ऱ्हायले. दादानं हाक मारली तवा तोंडातनं शब्द फुटंना, पर मागं फिरले मी. पान्यापान्यानंच खाली बंधाऱ्याकडं आले.’ तिनं माझा हात दाबला. ‘कुनी ओ दिल्यावर कसं जायाचं गं, तूच सांग.’